सुईणीची पणती

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची आठ दिवसांच्या सुट्टीवर खोडदला आली होती. भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. वहिनी दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाते, भाऊ द्राक्षबागेत कामाला. शिष्यवृत्तीचे अर्ज मी स्वतः भरले, दाखल्यांसाठी जुन्नरला हेलपाटे घातले आणि पोरीने बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केले. आज तिचे नाव राज्याच्या परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत आहे. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात, अतिदक्षता विभागात, तिची दोन वर्षे नोकरी झाली होती.

ती आल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी शेजारची बाई दारात आली. नवरा टोमॅटोच्या तोडणीवरून तापाने फणफणून आला होता. बाईच्या हातात सलाईनची बाटली आणि सुई होती. मेडिकलमधून विकत घेऊनच आली होती.

"पोरी, एवढी सलाईन लाव. दवाखान्यात गेलं की हजाराला फोडणी बसती. तू घरचीच हाईस."

भाची लगेच उठली. ताप मोजला, नाडी मोजली, रक्तदाब पाहिला, लघवी किती वेळा झाली, उलटी झाली का, अंगावर पुरळ आहे का, सगळे विचारले. मग शांतपणे म्हणाली, "काकू, यांना आत्ताच दवाखान्यात न्या. मी बरोबर येते. पण सलाईन मी इथं लावणार नाही."

बाईचा चेहरा पडला. रिक्षा करून ते नारायणगावला गेले, भाचीही गेली. चार दिवसांत माणूस बरा होऊन घरी आला. पण वस्तीत बोलणे सुरू झाले ते झालेच. "एवढी शिकली आन् साधी सुई लावता येत न्हाई." "शिकल्यावर गरिबाची लाज वाटती." खरे सांगते वाचक भगिनींनो, त्या रात्री मलाही थोडे लागले होते. वीस वर्षे मी या वस्तीत रेशनकार्डापासून शिष्यवृत्तीपर्यंत लोकांची कामे करते. आपल्याच घरातली मुलगी शेजाऱ्याला नाही म्हणाली, याचे मला वाईट वाटले. जेवताना मी तिला तसे बोलूनही दाखवले.

ती म्हणाली, "आत्या, तुझ्या पतसंस्थेत चेक कोण लिहितं?"

"मी लिहिते."

"सही कोण करतं?"

"व्यवस्थापक आणि अध्यक्ष."

"एखादा ओळखीचा म्हातारा आला, म्हणाला, बाई, साहेब जेवायला गेलेत, तूच सही कर, तू घरचीच आहेस. करशील?"

मी गप्प बसले. बी.कॉम. झाल्यापासून माझे सगळे आयुष्य व्हाउचर आणि खतावणीत गेले आहे. कोणाला किती रकमेपर्यंत अधिकार, हे आम्हा कारकुनांना झोपेतही पाठ असते. पण नर्सच्या हातालाही अशी मर्यादा असते, ती कुठेतरी लिहून ठेवलेली असते, हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. भाची त्याला 'कार्यकक्षा' म्हणाली. नर्सने स्वतःच्या निर्णयाने काय करायचे, डॉक्टरच्या लेखी आदेशाने काय करायचे आणि काय अजिबात करायचे नाही, याची ती हद्द.

सलाईन लावायची कला तिला येत होती. रोज पन्नास वेळा लावत असेल. पण कोणते सलाईन, किती, कोणत्या वेगाने, हे ठरवणे म्हणजे उपचार लिहून देणे. तो अधिकार तिला नव्हता. आणि सलाईन चालू असताना माणसाला थंडी भरून आली, श्वास लागला, तर ओसरीवर तिच्याजवळ ना ऑक्सिजन, ना औषध, ना डॉक्टर.

मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी तिने आईवडिलांना सांगितली नव्हती.

काही महिन्यांपूर्वी रात्रपाळीत एका रुग्णाची प्रकृती एकदम खालावली. डॉक्टर रुग्णालयात नव्हते. त्यांनी फोनवरून एका इंजेक्शनची मात्रा सांगितली. हिने ती त्यांना परत वाचून दाखवली, दुसऱ्या सिस्टरलाही ऐकवली, कागदावर वेळ घालून 'फोनवरील आदेश' असे लिहिले आणि दोघींनी सह्या केल्या. मग इंजेक्शन दिले. डॉक्टरांनी सकाळी येऊन त्याखाली सही करायची असते. ती राहून गेली. पुढे रुग्णाच्या नातेवाइकांनी तक्रार केली तेव्हा मात्रा कोणी ठरवली, हा प्रश्न आला आणि कागदावर नावे निघाली ती फक्त दोन नर्सची. हिच्याकडून लेखी खुलासा मागितला गेला. लिहिलेली वेळ आणि दुसरीची सही होती म्हणून ती सुटली. नाहीतर चार वर्षांचे शिक्षण आणि परिषदेची नोंदणी, दोन्ही टांगणीला लागले असते.

"तेव्हापासून आत्या, मी कामाला हात घालायच्या आधी विचारते, हे माझ्या हद्दीत आहे का? आणि आता पुढचं शिकायचं तर तेही हाच प्रश्न विचारून निवडायचंय."

तर सुट्टी घेऊन ती आली होती ती या निवडीसाठी. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी दुर्बिणीच्या रस्त्याने फिरायला निघालो. आमच्या खोडदची रेडिओ दुर्बीण जगात प्रसिद्ध आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. त्या रस्त्याने चालता चालता तिने मला नर्सिंगच्या पुढच्या वाटा समजावून दिल्या. आपल्या समाजातील अनेक घरांत आज मुली नर्सिंगला आहेत किंवा जाऊ पाहत आहेत, म्हणून ते सर्व इथे लिहिते.

सुरुवात कशी होते ते आपल्याला साधारण माहीत असते. ए.एन.एम. दोन वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे, बी.एस्सी. चार वर्षांचे. जी.एन.एम. झालेलीला दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. त्यानंतर विशेष विषय. एम.एस्सी. नर्सिंगला पाच शाखा आहेत: मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, सामुदायिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य. याशिवाय एक वर्षाच्या पदविका आहेत, उदाहरणार्थ शस्त्रक्रियागृह, नवजात शिशू, कर्करोग, आपत्कालीन सेवा. यांनी ज्ञान वाढते, शिकवायची किंवा वॉर्ड सांभाळायची नोकरी मिळू शकते. पण केवळ एम.एस्सी. झाल्याने औषध लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही.

'नर्स प्रॅक्टिशनर' हा शब्द त्याच्या पुढचा. त्याचा जन्म अमेरिकेत झाला. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड नावाच्या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून नर्सना मुलांची तपासणी आणि साधे उपचार शिकवायला सुरुवात केली, कारण खेड्यापाड्यांत आणि गरीब वस्त्यांत डॉक्टर पोहोचत नव्हते. आज तिथे कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालक, नवजात, स्त्री-आरोग्य आणि मानसोपचार असे वेगवेगळे गट आहेत. ज्या गटाचे शिक्षण घेतले आणि परीक्षा दिली, त्याच गटाच्या रुग्णांवर उपचार करायचे. शिवाय प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. एका राज्यात नर्स प्रॅक्टिशनर स्वतःच्या सहीने औषध लिहू शकते, शेजारच्या राज्यात तिलाच डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो. बाई तीच, शिक्षण तेच, हद्द मात्र बदलते. आपल्याकडची मुलगी तिथे गेली तर आधी तिथली नर्सची परवाना परीक्षा आणि मग तिथले पदव्युत्तर शिक्षण. इथून थेट नर्स प्रॅक्टिशनर करून पाठवतो असे कोणी सांगत असेल, तर त्याला पैसे देऊ नयेत.

आपल्या देशात या नावाच्या दोन वाटा निघाल्या आहेत. पहिली अतिदक्षता विभागाची. भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला. बी.एस्सी. नंतर किमान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव लागतो. ती रुग्णालयाने ठरवून दिलेल्या लेखी नियमावलीप्रमाणे आणि स्थायी आदेशांप्रमाणे काम करते. तज्ज्ञ डॉक्टर तिच्यासोबत असतात. रुग्णालयाबाहेर पाटी लावून दवाखाना काढण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

दुसरी वाट सुईणपणाची. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' हा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. झालेल्या आणि बाळंतपणे करण्याचा दोन वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत नर्ससाठी तो आहे. सर्वसाधारण, धोका नसलेले बाळंतपण तिने स्वतःच्या जबाबदारीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळायचे आणि गुंतागुंत दिसली की वेळ न घालवता डॉक्टरकडे सोपवायचे, ही तिची हद्द.

तिसरी वाट नावाने प्रॅक्टिशनरची नाही, पण कामाने जवळची आहे. ती म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांचे रूप बदलले. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. साधारण पाच हजार लोकवस्तीला आणि डोंगरी, आदिवासी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र, असा हिशेब असतो. आपल्या राज्यात या जागेवर आयुर्वेदाचे पदवीधर असतात, तसेच बी.एस्सी. नर्सिंग झालेल्याही असतात. तीस वर्षांवरील लोकांचा रक्तदाब, साखर तपासायची, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी करायची. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी एकदा औषध सुरू केले की ते दरमहा गावातच द्यायचे. गरज पडली तर दूरध्वनी किंवा संगणकावरून डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा. नेमणूक कंत्राटी. योजना सुरू झाली तेव्हा २५,००० रुपये मानधन आणि कामावर अवलंबून जास्तीत जास्त १५,००० रुपये, असे गणित होते.

हे ऐकल्यावर मी लगेच म्हणाले, "मग हेच कर ना! गावाजवळ राहशील. इथं बिबट्याने पंजा मारलेला माणूस येतो, सर्पदंश होतो, म्हाताऱ्यांना साखर आहे."

ती हसली. समोरच्या तबकडीकडे बोट करून म्हणाली, "आत्या, ही लांबची तबकडी मधल्याशी जोडलेली आहे म्हणून कामाची आहे. उपकेंद्रही तसंच. सर्पदंश आला तर मी झोळीत टाकून ठेवणार नाही. दंशाचा पाय हलू न देता, गाडी करून लगेच पुढं पाठवणार. काम मोठंच आहे. पण मला ते मनापासून करायचंय का, हा प्रश्न आहे."

घरी आल्यावर मी पतसंस्थेचा जुना हिशेबाचा कागद काढला आणि जमा-नावेसारखे रकाने आखले. आम्ही दोघींनी मिळून चार प्रश्न लिहिले.

पहिला, रोज कोणता रुग्ण समोर असेल? दुसरा, माझ्या सहीने काय काय करता येईल आणि ते कुठे लिहिले आहे: कायद्यात, सरकारी सूचनेत की नुसत्या रुग्णालयाच्या नियमावलीत? तिसरा, वाईट झाले तर माझ्या पाठीशी कोण? आणि चौथा, या शिक्षणाचे पद मंजूर आहे का, की पदवी घेऊनही स्टाफ नर्स म्हणूनच राबायचे?

वहिनीने सरकारी नोकरीकडे मत दिले. भाऊ म्हणाला, "जिथं पगार जास्त तिथं जा, बाळा." मी अर्थातच उपकेंद्राकडे ओढत होते. पोर जवळ राहावी हा माझा स्वार्थ होता, हे आज कबूल करते. भाचीने पहिल्या रकान्यापाशी पेन्सिल ठेवली आणि विचारले, "आत्या, मोठ्या आजीच्या डब्यात काय असायचं?"

मोठी आजी म्हणजे माझी आजी, तिची पणजी. सुईण होती. पंचक्रोशीतल्या कितीतरी पोरांनी पहिला श्वास तिच्या हातात घेतला. मोठ्या वाड्यांवरून रात्री-अपरात्री बोलावणे यायचे. तेव्हा तिला मागल्या दाराने आत घेत. बाळंतिणीच्या रक्ताला हात लावायला ती चाले, नाळ कापायला ती चाले, पण काम झाल्यावर प्यायला पाणी हवे तर ओंजळीत वरून ओतत. मोबदला म्हणजे पायलीभर जोंधळे आणि एखादे जुने लुगडे. हे मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकले आहे. तिच्या बोलण्यात रडगाणे नसायचे. ती सांगायची आणि पुढच्या कामाला लागायची.

पुढे सरकारी दवाखान्यात सुईणींचे प्रशिक्षण झाले तेव्हा तिला एक पत्र्याचा डबा मिळाला. त्यात साबण, ब्लेड, दोरा आणि कापूस. त्या प्रशिक्षणात तिला सांगितले होते, हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि हात किंवा पाय आधी आला, रक्त थांबेना, झटके आले, तर तिथे बसून राहायचे नाही, दवाखान्यात पाठवायचे. अक्षर न ओळखणाऱ्या माझ्या आजीने ते मरेपर्यंत पाळले. एकदा एका बड्या घरातल्या सासूने, "तूच कर, दवाखान्यात न्यायचं नाही," असे दरडावले तेव्हा आजी दारात उभी राहून म्हणाली होती, "मला काय येतं ते मला ठावं हाय, काय येत न्हाई तेबी ठावं हाय. बैलगाडी जुपा." बैलगाडी जुंपली गेली आणि बाई वाचली.

भाची म्हणाली, "कार्यकक्षा आपल्या घरात पहिल्यांदा तिनेच पाळली. फक्त तिच्याजवळ कागद नव्हता."

मग तिने मला आणखी एक गोष्ट समजावली, जी मला फार मोलाची वाटली. हद्द कायमची नसते, लेखी आदेशाने ती वाढते. पूर्वी ए.एन.एम. सिस्टरला बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात किंवा झटक्यांत हात बांधून बसावे लागे. नंतर सरकारने कुशल प्रसूतिसेवेच्या सूचना काढल्या, २०१० मध्ये त्या सुधारल्या, आणि प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरला रक्तस्राव थांबवणारे औषध आणि झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन मग पुढे पाठवण्याची मुभा लिहून दिली. त्या एका पहिल्या मात्रेने रस्त्यातला मृत्यू टळू शकतो. दुसरीकडे गर्भपाताचे पाहा. १९७१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारला, मुदत वाढली, पण गर्भपात करण्याचा अधिकार आजही पात्र नोंदणीकृत डॉक्टरांनाच आहे. नर्स कितीही अनुभवी असो, तिथे हद्द संपते. कोणी खासगीत पैसे देऊन तिच्याकडून ते करवून घेऊ पाहील, तर तुरुंगात जाणार ती.

तसेच २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आहे. त्यात डॉक्टर नसलेल्या 'सामुदायिक आरोग्य प्रदात्यां'ना प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेपुरती ठरावीक औषधे स्वतः लिहिण्याचा मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली. डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला जोरदार विरोध केला, देशभर संप झाले. २०२३ मध्ये नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदाही संसदेने संमत केला. म्हणजे नर्सच्या हाताची हद्द हा नुसता रुग्णालयातला प्रश्न नाही, तो संसदेत आणि रस्त्यावर ठरतो आहे. आपल्या मुली त्या व्यवसायात मोठ्या संख्येने असतील तर त्यांच्या संघटनांत, त्यांच्या परिषदांच्या निवडणुकांतही त्या असायला हव्यात.

त्या कागदावर शेवटी भाचीने सुईणपणाच्या रकान्याखाली रेघ ओढली. अतिदक्षता विभागात ती हुशार गणली जात होती, तिथे राहिली असती तर पगारही बरा होता. पण पहिल्या प्रश्नाचे तिचे उत्तर पक्के होते. घरी आल्यावर तिला आठवण यायची ती शिकत असताना प्रसूतिगृहात काढलेल्या दिवसांची. मात्र तिच्याजवळ बाळंतपणाचा दोन वर्षांचा अनुभव नव्हता. म्हणून तिने आधीची नोकरी सोडली आणि कमी पगारावर दुसऱ्या ठिकाणी प्रसूतिगृहात रुजू झाली. सोबत सरकारी स्टाफ नर्सच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे, कारण मिडवाइफरीच्या त्या प्रशिक्षणाची वाट सरकारी सेवेतूनच जास्त खुली आहे. जागा मिळेलच याची खात्री नाही. पगार घटल्यामुळे घरी पाठवायचे पैसेही कमी झाले. भाऊ काही दिवस बोलला नाही. मग एका रविवारी स्वतःच टोमॅटोची क्रेट घेऊन तिला भेटायला गेला.

आता शेवटचे सांगते. दिवाळीनंतर ती सलाईनची बाटली आणणारी शेजारीण माझ्याकडे आली. हातात एक रंगीत पत्रक होते. 'सहा महिन्यांत नर्स व्हा, शंभर टक्के नोकरी.' फी चाळीस हजार. मुलीसाठी सोन्याची बोरमाळ मोडायची तयारी करूनच आली होती. मी भाचीला फोन लावून तिच्या हातात दिला. भाचीने दोनच प्रश्न विचारले. या संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि शिकून झाल्यावर परिषदेत नोंदणी होते का? मग म्हणाली, "काकू, नोंदणी नसली तर तुमची पोर पांढरे कपडे घालून राबेल, आणि काही चुकलं तर पहिलं तिलाच धरतील. तिची बारावी झाली आहे ना? सामायिक प्रवेश परीक्षा देऊ दे. अर्ज आत्या भरेल."

बोरमाळ गळ्यातच राहिली. मुलगी आता जी.एन.एम.च्या प्रवेशाची तयारी करते आणि रविवारी माझ्याकडे इंग्रजीची उजळणी करायला येते. मागच्या रविवारी अर्ज भरताना मी सहीच्या जागेवर बोट ठेवले, तेव्हा तिने आधी सगळा कागद वाचून काढला. मी काहीच बोलले नाही. वाचू दिले.